तुटका दात

लिंबाजीला ऐकू येत नाही. जन्मापासून.
म्हणून मला देगलूरला दिली
तेव्हा सेलू नुसतं लांब गेलं नाही,
बंद झालं.

पत्र म्हणावं, तर तो दुकानांच्या पाट्या रंगवतो,
‘किराणा व जनरल’ असं लिहितो की बघत राहावं,
पण वाचता येत नाही त्याला. कागदावरून उतरवतो,
कुणी फुलं काढावीत तशी.

फोन म्हणावं, तर अठ्ठ्याण्णव साली
स्टँडसमोरच्या एसटीडीत वहिनी त्याला घेऊन यायची.
मी इकडून ओरडायची, “लिंबा, बरा हैस का?”
तो रिसीव्हर कानाला नाही, छातीला लावायचा.
“हसायलेत बगा,” वहिनी सांगायची.
मीटर पळायचं.
दोनेक रुपये मी गप्प राहून
तसेच जाऊ द्यायची.

आता तुरीच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा करते,
साडेनऊला तो येतो,
कोपरापर्यंत निळा रंग.

आमची भाषा कुठल्याच पुस्तकात नाही.
हनुवटीवर तीन टिचक्या, आई, तिच्या गोंदणावरून.
कानावर बोट, आबा. तिथं विडी असायची.
नाक दाबून मागं बघणं म्हणजे धाकटा मामा,
का, ते सांगणार नाही.
पुढच्या दातावर अंगठ्याचं नख, ती मी.
हापशाचा दांडा लागला तेव्हा आठ वर्षांची होते.
दातावर टोपी बसवूनही आता वीस वर्षं झाली,
इथं मी पद्मिनबाई, बचत गटाची सचिव,
त्याच्या हातात अजून
हापशावरची पोर.

रेंज गेली की त्याचा हात हवेत थांबतो.
‘पाणी’ असेल नाहीतर ‘पाहुणे’,
दोन्हींची सुरुवात सारखीच.
मी चहाचा घोट घेते, वाट बघते.
एकदा तो असाच थांबला होता मिनिटभर,
डोळे लाल,
बोट कानाकडे निघालेलं.
कुणी सांगायच्या आधी मला कळलं
आबांचं.

दिवाळीपासून त्याचे हात बदललेत.
झरझर चालतात, मधेच अनोळखी काहीतरी करतात.
इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरपुढं डोलवावी
तशी मी मान डोलवते.
वहिनी म्हणाली, “ग्रुप हाय त्यांचा. नांदेडचे, हिंगोलीचे,
एक पोरगी वसमतची. समदे यांच्यासारखेच.
अकरा वाजले तरी झोपंनात.”

मला राग आला. खोटं कशाला बोलू.
चाळीस वर्षं त्याच्या बोलण्याची किल्ली
माझ्याच कमरेला होती.
तो चिडला तर लोक मला हाक मारायचे,
“ए, काय म्हणायलाय बघ गं हा.”

परवा त्यानं मलाच त्यात घेतलं.
चौदा चौकटी, चौदा जणांचे हात.
एवढी बडबड मी कुठल्या लग्नातही पाहिली नाही.
मी पदर सारखा केला, बसून राहिले.
कुणाच्या तरी घरात कुकर शिट्ट्या देत होता.
पाचवी. सहावी.
इतक्या माणसांत ती फक्त मला ऐकू येत होती.

तेवढ्यात वसमतच्या त्या पोरीनं मला पाहिलं.
कधी भेट नाही, नाव ठाऊक नाही,
तिनं हसून अंगठ्याचं नख
पुढच्या दातावर ठेवलं.
मग हिंगोलीच्या म्हाताऱ्यानं. मग सगळ्यांनी.

मी लगेच हसले नाही.
मग तोंड उघडून, अगदी स्क्रीनजवळ जाऊन,
दाखवला टोपीचा दात.

आठवी शिट्टी झाली.
मी दोन्ही हातांनी भांडं केलं, वाफ केली,
झाकण उडवून दाखवलं, पुन्हा दाखवलं,
लिंबानं माझं त्यांच्या भाषेत सांगितलं
आणि जिंतूरची एक बाई
ओढणी सावरत
उठून पळाली.